गाडी चालताना खरखर येते? दोष शोधायचा कसा आणि दुरुस्त करायचा कसा

बाहेरून पाहिलं तेव्हा ब्रेक पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबून गाडी थांबवणारा तुकडा) चांगला ६ मिलिमीटर शिल्लक दिसत होता. चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून मी स्वतः पाहिला होता. त्यामुळे ब्रेक दाबल्यावर येणारी खरखर ब्रेकची नाहीच, असं धरून आठवडाभर बेअरिंगच्या, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या भागाच्या, मागे लागलो. शेवटी चाक काढलं. त्याच कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यातला) आतल्या बाजूचा पॅड पार संपलेला होता. वरचा मसाला, म्हणजे घासणारा थर, शिल्लकच नव्हता, मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासत होती. डिस्कच्या आतल्या बाजूवर नख फिरवलं तर प्रत्येक खाचेत अडकत होतं. कारण अगदी लहान होतं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो, त्यातली एक गंजून बसली होती आणि सगळा दाब आतल्या पॅडवर येत होता.

मी पाहत होतो चाकाकडे, पण खरा धागा आवाजाच्या वेळेत होता: तो फक्त ब्रेक दाबला की यायचा. बेअरिंग ब्रेकची वाट पाहत नाही. म्हणून नवख्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो. आवाज कुठून येतो हे शोधायच्या आधी तो कधी येतो, ते लिहून काढा. गाडीचा सांगाडा लोखंडाचा असतो, आवाज त्यातून इकडून तिकडे फिरतो. पुढच्या चाकातला आवाज मागच्या सीटखालून आल्यासारखा वाटतो. कान जागेबाबत फसतो, वेळेबाबत सहसा फसत नाही.

आधी ठरवा: गाडी चालवायची की नाही

काही लक्षणं दिसली तर तपासणी नंतर, गाडी आधी बाजूला. ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा खोल जातोय किंवा मऊ लागतोय, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जातेय, चाकापाशी धूर आहे किंवा जळका वास येतोय, स्टेअरिंग अचानक थरथरायला लागलंय, ब्रेकचा किंवा ऑइलचा लाल दिवा लागलाय. यातलं एकही असेल तर गाडी टो करून न्या. ‘हळूहळू नेतो’ म्हणून निघू नका.

अलीकडेच कुणी चाक काढलं असेल, म्हणजे पंक्चर, टायर बदल, ब्रेकचं काम असं काही झालं असेल, तर सगळ्यात आधी चाकाचे नट तपासा. सैल नटांचं चाकही घासल्यासारखा, ठोकल्यासारखा आवाज करतं, आणि ते निघून जाऊ शकतं. पाना लावून बघायला दोन मिनिटं पुरतात.

उलट, काही आवाजांची काळजी करायची गरज नाही. पावसात भिजलेली किंवा धुऊन उभी ठेवलेली गाडी सकाळी काढली, की पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर येते. डिस्क बिडाची असते, तिच्यावर रात्रीत गंजाचा पातळ थर चढतो आणि पॅड तो खरवडून काढतात. मग आवाज थांबतो. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला, की पेडलखाली धडधड होते आणि घरघरल्यासारखा आवाज येतो, तो एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा. ते त्याचं काम करतंय, पाय उचलू नका. गाडी सुरू करून निघाल्यावर थोडा वेग आला की एकदाच ‘घर्र’ होऊन थांबतं, तीही काही गाड्यांत एबीएसची स्वतःची चाचणी असते.

चार प्रश्न आणि एक कागद

शेजारच्या सीटवर कुणाला तरी बसवा. तुम्ही चालवा, ते लिहितील आणि फोनवर आवाज टिपतील. रस्ता मोकळा, सरळ आणि सपाट निवडा. खिडक्या खाली करा, पंखा आणि गाणी बंद ठेवा. लांबलचक भिंतीला समांतर, हळू गाडी नेली तर आवाज भिंतीवरून परत येतो आणि कोणत्या बाजूचा आहे ते बरंच स्पष्ट होतं.

पहिला प्रश्न: गाडी उभी असताना येतो का? हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढला-उतरला तर चाकं, ब्रेक, टायर यांचा विचार तूर्त सोडा. दोष इंजिनाच्या बाजूचा आहे, म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या पुलीचं, अल्टरनेटरचं किंवा पाण्याच्या पंपाचं बेअरिंग, नाहीतर क्लच-गिअरबॉक्स.

दुसरा प्रश्न: आवाज वेगाबरोबर बदलतो की इंजिनाबरोबर? साधारण ५० ते ६० किलोमीटर वेगावर आवाज येत असताना क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि काही सेकंद तशीच वाहू द्या. ऑटोमॅटिकमध्ये थेट ‘एन’ला या, मग परत ‘डी’ला. ‘आर’ आणि ‘पी’कडे हात जाऊ देऊ नका. इंजिनाच्या फेऱ्या खाली आल्या तरी आवाज तसाच राहिला, तर तो फिरणाऱ्या चाकाशी जोडलेल्या कशाचा तरी आहे. फेऱ्यांबरोबर तोही पडला, तर इंजिन किंवा गिअरबॉक्स. ही चाचणी करताना इंजिन कधीही बंद करायचं नाही. ते बंद झालं की पॉवर स्टेअरिंग जातं आणि ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीन दाबांत संपते.

तिसरा प्रश्न: ब्रेकने काय होतं? दाबल्यावरच येतो, की दाबल्यावर थांबतो? दाबल्यावर येणारा आवाज पॅड-डिस्कचा. सतत येणारा आणि ब्रेक हलका दाबला की बदलणारा असेल तर अडकलेला कॅलिपर, वाकलेला पत्रा किंवा मध्ये अडकलेला खडा बघा.

चौथा प्रश्न: वळताना काय होतं? यावर थोडं थांबतो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो. म्हणून लांब, सौम्य डाव्या वळणावर घरघर वाढली आणि उजव्या वळणावर कमी झाली, तर बहुतेक वेळा दोष उजव्या चाकाच्या बेअरिंगचा असतो. नवखे नेमकं उलट धरतात. हे सौम्य वळणाबद्दल झालं. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, अगदी हळू, मोकळ्या जागेत गोल फिरवताना ‘कट-कट-कट’ असा आवाज आला, तर ती वेगळी गोष्ट आहे. ती ॲक्सलच्या (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या सांध्याची, सीव्ही जॉइंटची खूण.

कागदावर एवढंच लिहा: किती वेगाला सुरू होतो, ब्रेकने काय होतं, डावीकडे काय, उजवीकडे काय, न्यूट्रलमध्ये काय, गाडी थंड असताना आणि तापल्यावर काय. या सहा ओळींत अर्धं निदान झालेलं असतं.

गाडी उचलण्याआधी डोळ्यांनी

गाडी पूर्ण थंड होऊ द्या. चारही चाकांच्या आऱ्यांतून टॉर्च मारून डिस्क बघा. चकचकीत गुळगुळीत असेल तर ठीक, खोल वर्तुळाकार खाचा किंवा निळसर डाग असतील तर नाही. आतला पॅड असा दिसत नाही, हे माझ्या गोष्टीवरून लक्षात आलंच असेल.

मग चाकाच्या कमानीत डोकावा. टायर प्लास्टिकच्या आवरणाला घासत असेल तर तिथे चकाकी आलेली दिसते. इंजिनाखालचं प्लास्टिक किंवा सायलेन्सरवरचा पातळ पत्रा लोंबत असेल तर तोही बघा. पत्र्याचा आवाज पोकळ, डबा वाजल्यासारखा असतो. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर ॲक्सलचा रबरी बूट फाटलाय.

टायरवरून तळहात फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, किंवा हाताला खड्डे-उंचवटे जाणवले, तर हा टायर चालताना बेअरिंगसारखाच घुमतो. दोघांतला फरक रस्ता सांगतो. डांबर बदलून काँक्रीट आलं, गुळगुळीत रस्ता संपून खडबडीत आला, की टायरचा सूर बदलतो. बेअरिंगचा बदलत नाही. बेअरिंग बदलूनही आवाज गेला नाही, अशी तक्रार ऐकली की मी आधी टायरच बघतो.

चाक उचलून

जॅक हे उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नव्हे. जमीन कडक आणि सपाट हवी. जे चाक उचलायचं त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावा, गाडी उचला आणि लगेच खाली स्टँड देऊन त्यावर बसवा. स्टँड नसेल तर हे काम करू नका. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात किंवा डोकं कधीही घालायचं नाही.

आता चाक हाताने फिरवा. पुढचं चाक असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये, मागचं असेल तर हँडब्रेक सोडून. ठोकळे पक्के आहेत ना, ते मात्र आधी बघा. पॅडचा हलका, एकसारखा ‘स्स्स’ आला तर चालतं. एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर वाळू भरड दळल्यासारखी थरथर बोटांना जाणवते. गाडीत बसून जे ऐकू येत नाही, ते इथे बोटांना कळतं.

मग चाक वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खळखळ लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर बेअरिंग, तरीही राहिली तर सस्पेन्शनचा खालचा सांधा. ९ आणि ३ च्या जागी धरूनच हलत असेल तर स्टेअरिंगचा दांडा तपासायला हवा.

दोष ब्रेकचा निघाला तर

चाक काढा. डिस्कमागे एक पातळ पत्रा असतो, धूळ-चिखल अडवणारा. तो वाकून डिस्कला टेकलेला असेल किंवा मध्ये खडा अडकला असेल तर कानठळ्या बसवणारा आवाज येतो आणि दुरुस्ती अगदी सोपी असते. खडा काढायचा, पत्रा हाताने किंवा स्क्रू ड्रायव्हरने हळूच मागे वाकवायचा. काम संपलं. कुठलाही भाग विकत घ्यायच्या आधी हे बघाच.

आता दोन्ही पॅड बघा, आतला आणि बाहेरचा. नव्या पॅडचा मसाला साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो, ३ मिलिमीटर उरला की बदलायचा. मागची लोखंडी पट्टी मोजायची नाही. बऱ्याच पॅडना एक छोटी लोखंडी जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला टेकते आणि चिरका आवाज काढते, ती सूचना असते. त्या आवाजाकडे दुर्लक्ष झालं की पुढे खरखर सुरू होते, आणि तोवर डिस्कही खराब व्हायला लागलेली असते. डिस्कची कमीत कमी जाडी तिच्याच अंगावर कोरलेली असते. त्यापेक्षा पातळ झाली असेल, तडा असेल, किंवा खाचा खोल असतील तर डिस्क बदला. पॅड आणि डिस्क नेहमी डावी-उजवी जोडीने बदलायची, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला जाते.

पॅड बदलणं नवख्यालाही जमतं, पण ज्याने आधी केलंय असं कुणी पहिल्यांदा शेजारी असू द्या. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर फिरवता येतो. पूर्ण काढलात तर तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा, ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत सोडू नका. नळी आतून फाटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या फवाऱ्याने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे मसाल्यात, फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून धूळ ओली करा आणि फडक्याने पुसा.

मग सरकणाऱ्या पिना काढा. माझ्या मते सगळ्या कामाचं मर्म इथे आहे, आणि घाईत नेमकं हेच राहतं. पिन बोटांनी ढकलली की सहज आत-बाहेर व्हायला हवी. अडकत असेल तर गंज साफ करा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, रबरी टोपी फाटली असेल तर बदला. साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं. पिन मोकळी केली नाही, तर नवा पॅडही जुन्यासारखाच एका बाजूने संपेल.

पिस्टन मागे ढकलायच्या आधी ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडा आणि पातळीवर लक्ष ठेवा. पिस्टन आत जाईल तसं ऑइल वर येतं. ते रंगावर सांडलं तर रंग उखडतो, लगेच पाण्याने धुवा. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. मागच्या चाकांत मात्र सावध राहा. काही कॅलिपरचा पिस्टन फिरवत आत घालावा लागतो, आणि बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीत आधी स्कॅनरने किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीने कॅलिपर सर्व्हिस मोडवर न्यावा लागतो. ढकलाढकली केली तर आतली यंत्रणा तुटते.

नवे पॅड बसवताना मसाल्याला आणि डिस्कच्या पृष्ठभागाला ग्रीसचा हात लागू देऊ नका. सगळं बसवून, चाक लावून, गाडी खाली घेतल्यावर जागेवरून हलण्याआधी ब्रेकचा पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले काही दाब पोकळ जातात. हे विसरून गाडी पुढे घेतली तर ती थांबणार नाही.

मागे ड्रम असतील तर आवाज बहुधा संपलेल्या शूचा (ड्रमला आतून घासणाऱ्या, पॅडसारख्या भागाचा) किंवा तुटलेल्या स्प्रिंगचा असतो. ड्रम काढल्याशिवाय नीट दिसत नाही आणि आतल्या स्प्रिंगा परत बसवणं किचकट असतं. पहिल्यांदा हे काम गॅरेजमध्ये उभं राहून पाहावं, मग हात घालावा.

बाकीचे दोष

चाकाचं बेअरिंग बऱ्याच गाड्यांत दाबून बसवलेलं असतं, त्याला प्रेस लागतो. हातोड्याने ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत परत घरघरतं, म्हणून हे काम गॅरेजला द्या. बोल्टने बसणारा हब (बेअरिंगसकट चाकाचा मधला भाग) असेल तर घरी होतं, पण ॲक्सलचा मोठा नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळावा लागतो. हे पॅडसारखं जोडीने बदलावं लागत नाही, खराब तेवढंच बदला.

सीव्ही जॉइंटचा बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज नसेल तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. कटकट सुरू झाली असेल तर आत माती जाऊन सांधा झिजलाय, सांधा किंवा पूर्ण ॲक्सलच बदलावा लागतो.

गिअर टाकताना करकर होत असेल तर नीट पाहा. रिव्हर्ससकट सगळ्याच गिअरला होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. एकाच गिअरला होत असेल तर त्या गिअरचा सिंक्रोनायझर (गिअर जुळताना वेग सारखा करणारा भाग) झिजलाय. गाडी उभी असताना क्लच दाबल्यावरच आवाज आला तर क्लचचं रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये येतो आणि क्लच दाबल्यावर थांबतो, असं असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. गिअर ऑइलची पातळी आधी बघा, गळती असेल तर तिथूनच सुरुवात झालेली असते.

इंजिनाच्या बाजूचा आवाज शोधताना सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस दूर ठेवा. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं एकेका पुलीच्या जवळ न्या, टेकवू नका. मग इंजिन बंद करून, किल्ली काढून, थंड झाल्यावर पट्टा सैल करा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहा. खडखडणारी किंवा हलणारी पुली लगेच कळते.

गॅरेजला नेताना आणि परत आणताना

‘खरखर येतेय, बघा’ असं सांगून गाडी सोडू नका. तो सहा ओळींचा कागद आणि फोनवर टिपलेला आवाज दाखवा. मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज ऐकवा. ‘४० च्या पुढे, डाव्या वळणावर वाढतो, ब्रेकने फरक पडत नाही’ एवढं सांगितलं तर चांगला मेकॅनिक सरळ उजव्या पुढच्या चाकाकडे जातो. काढलेले जुने भाग मागून घ्या आणि हातात धरून पाहा. झिजलेला पॅड एकदा बोटाने चाचपला की पुढच्या वेळी आवाजावरून ओळखता येतो.

काम घरी करा किंवा गॅरेजमध्ये, चाकाचे नट ताऱ्याच्या आकारात, समोरासमोरचे, टॉर्क पान्याने आवळा. बहुतेक प्रवासी गाड्यांत हा आकडा ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहा. नवे पॅड घातले असतील तर मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका. मध्ये थोडा वेळ गाडी चालू देऊन ब्रेक थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा केलं की पॅड डिस्कवर नीट बसतात. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, त्याच वळणावर जाऊन ऐका, आणि ८०-१०० किलोमीटर चालल्यावर नटांना पुन्हा एकदा पाना लावा.